शिपायाची शेवटची जागा

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. परमुलखात जे पडले त्यांचे देह गावी आले नाहीत.

आणि जे जिवंत परत येतात त्यांचे काय? ते पेन्शन घेतात, शेती बघतात, म्हातारे होतात. एक दिवस जातात. मग भाऊबंद जमतात, नदीकाठी सरण रचतात. ज्यांच्यात पुरण्याची चाल आहे ते मूठमाती देतात. जागा गावाची, लाकडे घरची, खांदा शेजाऱ्याचा. सरकारचा त्यात फारसा हात नसतो.

अमेरिकेत हे काम वेगळ्या रीतीने चालते. फौजेतून परत आलेला माणूस म्हातारपणी घरी वारला, तरी त्याला शेवटची जागा द्यायची जबाबदारी तिथल्या सरकारने घेतली आहे. त्याच्या एकट्याची नव्हे, त्याच्या बायकोचीही. ही व्यवस्था कशी चालते, ती कशी सुरू झाली आणि एका कागदावाचून ती कशी अडते, हे आता पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तिकडे पुष्कळ लोक मेलेल्या माणसाला पुरतात. शहरात पुरायची जागा विकत घ्यावी लागते. खड्डा खणण्याचे पैसे वेगळे. वर दगड बसवायचा त्याचे वेगळे. गरिबाच्या घरी मरण आले की घर कर्जात जाते. लग्नाने कर्ज होते हे आपल्याला माहीत आहे. तिकडे मरणाने होते.

आता मागची हकीकत. १८६१ साली अमेरिकेत आपसातच लढाई जुंपली. उत्तरेकडची राज्ये एका बाजूला, दक्षिणेकडची दुसऱ्या बाजूला. मोठा तंटा होता तो गुलामगिरीचा. काळ्या माणसांना गुरासारखे विकत घेऊन राबवायचे, ही चाल दक्षिणेला सोडायची नव्हती. चार वर्षे लढाई चालली. सहा लाखांवर माणसे मेली. कोणी गोळीने, त्याहून जास्त रोगाने. जिथे मेला तिथेच पुरायचे, वर लाकडाची फळी रोवायची, फळीवर नाव लिहायचे. पावसापाण्यात फळी कुजायची. नाव जायचे.

तेव्हा अब्राहम लिंकन हे तिथले राष्ट्राध्यक्ष होते. १८६२ च्या जुलै महिन्यात एक कायदा झाला. देशासाठी लढताना मेलेल्या शिपायांना पुरण्यासाठी सरकारने जमिनी घ्याव्यात, असे त्यात ठरले. या जमिनींना नाव पडले राष्ट्रीय दफनभूमी. लढाई संपल्यावर सरकारी माणसे शेताशेतांतून, रानांतून हिंडली. उत्तरेच्या फौजेच्या जवळजवळ तीन लाख शिपायांचे देह उकरून त्यांनी या जमिनींत आणून पुरले. जवळजवळ निम्म्यांची नावेच लागली नाहीत. दगडावर नुसता आकडा आला.

हा कायदा झाला तो फौजेत असताना मेलेल्यांसाठी. लढून जिवंत परत आलेला शिपाई पुढे घरी मेला, तर त्याला यात जागा नव्हती. ती जागा १८७३ साली मिळाली. अब्रूने फौजेतून सुटलेला, त्या लढाईतला कोणताही जुना शिपाई राष्ट्रीय दफनभूमीत जागा मागू शकेल, असे तेव्हा ठरले. त्याच साली लाकडी फळ्या जाऊन पांढऱ्या दगडाचा नमुना ठरला. पुढे हा हक्क दुसऱ्या लढायांच्या शिपायांनाही मिळाला.

आज अशा दीडशेहून अधिक दफनभूमी आहेत. माजी सैनिकांचे एक मोठे सरकारी खाते आहे, ते त्या सांभाळते. वॉशिंग्टन शहराजवळ आर्लिंग्टन म्हणून सर्वांत नावाजलेली दफनभूमी आहे. ती १८६४ साली सुरू झाली. ती मात्र थेट लष्कराकडे आहे आणि तिथले नियम जास्त कडक आहेत.

जागा कोणाला मिळते? जो फौजेत होता आणि बेअब्रू होऊन काढला गेला नाही, त्याला. त्याने लढाई पाहिलेली असलीच पाहिजे असे नाही. १९८० च्या सप्टेंबरनंतर भरती झालेल्यांना मात्र साधारणपणे दोन वर्षांची नोकरी भरलेली लागते. फौजेत सरळ राहिला, पण पुढे खून करून फाशीची शिक्षा ओढवून घेतली, तर मात्र दार बंद. हा नियम १९९७ पासूनचा आहे.

मग बायको. तिचा हक्क नवऱ्याच्या नोकरीवरून येतो. ती त्याच्या आधी वारली तरी तिला जागा मिळते. पुढे तो वारला की त्याला त्याच जागेत ठेवतात. दोघांना मिळून एकच जागा. फारकत झालेल्या बायकोला हा हक्क नाही. आणि बाईच फौजेत असेल तर? मग तिच्या नवऱ्याला हाच हक्क. आज तिकडच्या फौजेत बायकाही पुष्कळ आहेत, बरं का. मुलांना हक्क आहे तो लग्न झालेले नसेल तर, वयाच्या २१ वर्षांपर्यंत. मुलगा किंवा मुलगी पूर्ण वेळ शिकत असेल तर २३ पर्यंत. या वयाच्या आतच कायमचे पांगळे किंवा मतिमंद झालेले, आईबापांवरच अवलंबून असणारे लेकरू असेल, तर त्याला वयाची अट लागत नाही.

पैसे किती पडतात? जागेचे नाहीत. खणण्याचे, बुजवण्याचे नाहीत. दगडाचे नाहीत. पुढे गवत कापणे, सरकलेला दगड सरळ करणे, हे सरकार कायम करते. त्याचेही नाहीत. पण देह घरून दफनभूमीपर्यंत न्यायचा खर्च, शवपेटीचा खर्च, दहन केल्यास त्याचा खर्च, हा साधारणपणे घरच्यांनीच करायचा असतो. ‘सगळे फुकट आहे’ असे समजून गेलेल्या घरच्यांची इथे फसगत होते. दहन करणाऱ्यांनाही जागा मिळते. राखेचा कलश पुरता येतो, किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवता येतो.

आता काम कसे करायचे ते ऐका. मिसूरी राज्यात सेंट लुई नावाचे शहर आहे. तिथे या खात्याची एक कचेरी आहे. देशात कुठेही माजी शिपाई वारला की घरचे माणूस त्या कचेरीला फोन करते. बहुधा अंत्यविधीचा धंदा करणारा माणूसच घरच्यांच्या वतीने फोन करतो. कचेरी नाव विचारते, फौजेतला नंबर विचारते, कोणत्या दफनभूमीत जागा हवी ते विचारते. हक्क बसतो का ते बघते. मग दिवस आणि वेळ नेमून देते. हीच जागा हवी, झाडाखालचीच हवी, असे चालत नाही. ज्या ओळीत काम चालू असेल तिथे पुढची जागा. जागा आधीपासून राखूनही ठेवता येत नाही. हक्क आहे की नाही, एवढे मात्र जिवंतपणीच ठरवून घेता येते. ही सोय २०१६ च्या अखेरीस सुरू झाली. ती फार शहाणपणाची आहे असे मला वाटते. ज्या दिवशी घरात माणूस गेला आहे, त्या दिवशी ट्रंका उपसत बसायची पाळी कोणावर येऊ नये.

ट्रंका कशासाठी उपसायच्या? कागदासाठी. फौजेतून सुटताना शिपायाला एक कागद मिळतो. भरती कधी झाला, सुटला कधी, कसा सुटला, हे सारे त्यावर असते. आपल्याकडच्या डिस्चार्ज बुकाचा तो भाऊच म्हणा ना. हा कागद दाखवला की काम झटपट होते. नसला तर सरकारी दप्तरात शोध घ्यावा लागतो.

आणि दप्तरही जळते. त्याच सेंट लुई शहरात फौजेच्या जुन्या कागदांची एक मोठी इमारत होती. १९७३ साली, १२ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, तिच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर आग लागली. आग विझायला चार दिवसांवर लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख शिपायांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या शंभरातल्या ऐंशी फायली! म्हणजे दोन्ही महायुद्धांतले शिपाई त्यात आले. त्या कागदांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मग त्या शिपायांचा हक्क बुडाला का? नाही. पण खटपट वाढली. ज्यांनी आपला कागद घरी जपला होता, त्यांना काहीच अडले नाही. काहींनी गावी परतल्याबरोबर तिथल्या सरकारी कचेरीत कागदाची नोंद करून ठेवली होती, त्यांचेही काम झाले. बाकीच्यांसाठी कारकुनांनी पगारपत्रके काढली, दवाखान्यांची जुनी दप्तरे चाळली, पाण्याने भिजलेली, कडा जळलेली पाने वाळवून वाचली. असे तुकडे जोडून ‘हा माणूस फौजेत होता’ असा दाखला देतात. तो दाखला मूळ कागदासारखाच चालतो.

आपल्याकडे दफनभूमीचा हा कायदा नाही. पण माजी सैनिक वारल्यावर त्याच्या बायकोला कुटुंब पेन्शन मिळते, आणि तिथेही कागदच बोलतो. बायकोचे नाव फौजेच्या दप्तरात एक, आधार कार्डावर दुसरे, असे असले की म्हातारीला हेलपाटे पडतात. माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांचा घोळ तर घरोघरी. धनी हिंडताफिरता आहे तोवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन हे सरळ करून घ्यावे.

पुन्हा अमेरिकेकडे येऊ. पुरण्याच्या दिवशी घरच्यांनी मागितले तर फौजेचे निदान दोघे जण गणवेशात येतात. त्यांतला एक तरी मेलेल्या माणसाच्याच दलातला असावा लागतो. २००० सालापासून हा कायदाच आहे. शवपेटीवर देशाचा झेंडा असतो. तो झेंडा पेटीबरोबर पुरत नाहीत. बिगूल वाजतो. मग ते दोघे झेंड्याच्या घड्या घालतात. घडीवर घडी पडत शेवटी तिकोनी गठडी होते. ती ते पत्नीच्या किंवा मुलाच्या हाती देतात आणि देशाच्या वतीने आभाराचे दोन शब्द बोलतात.

पण हा मान सर्वांना पहिल्यापासून सारखा मिळाला, असे समजू नका. काळ्या शिपायांना पुष्कळ दिवस वेगळ्या कोपऱ्यात पुरत. आर्लिंग्टनला ही चाल १९४८ साली मोडली. एकाच देशासाठी मेलेली माणसे मातीतही वेगळी! आपण त्यांना हसू नये. एका गावात दोन-दोन, तीन-तीन स्मशाने आपल्याकडेही आहेत.

फेलिक्स लोंगोरिया नावाचा एक शिपाई होता. टेक्सास राज्यातल्या थ्री रिव्हर्स या लहान गावचा. मेक्सिकन वंशाचा. १९४५ साली फिलिपीन्स बेटांत शत्रूच्या गोळीने तो पडला. घरी तरुण बायको आणि लहान मुलगी. त्याचा देह गावी पाठवण्याचे ठरले ते १९४९ साली. बायको बिआट्रिस गावातल्या अंत्यविधीच्या दुकानी गेली. रात्रभर देह तिथल्या प्रार्थनेच्या खोलीत ठेवू द्या, असे तिने म्हटले. मालक म्हणाला, नाही, गोऱ्या लोकांना ते आवडायचे नाही. गावच्या दफनभूमीतही मेक्सिकनांची बाजू निराळी होती.

बाई गप्प बसली नाही. हेक्टर गार्सिया नावाचे एक डॉक्टर मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांची संघटना चालवत. त्यांच्याकडे ही गोष्ट गेली. डॉक्टरांनी मोठमोठ्या पुढाऱ्यांना तारा केल्या. टेक्सासचे नवे सिनेटर लिंडन जॉन्सन यांची उलट तार आली. दुकानदाराला हुकूम करणे माझ्या हाती नाही, पण फेलिक्सला आर्लिंग्टनमध्ये पुरता येईल, असा तिचा आशय होता. १९४९ च्या फेब्रुवारीत, १६ तारखेला, त्याला तिथे सन्मानाने पुरले. हेच जॉन्सन पुढे १९६३ साली राष्ट्राध्यक्ष झाले.

आता दगडाविषयी सांगतो. उभा दगड पांढऱ्या संगमरवराचा असतो. ४२ इंच लांब, १३ इंच रुंद, ४ इंच जाड. काही भाग जमिनीत जातो. वजन शंभर किलोच्या वर. सेनापती असो की साधा शिपाई, सरकारी दगड एकाच मापाचा. वर धर्माची खूण कोरून मिळते, तीही घरचे मागतील ती. ख्रिस्ती माणसाचा क्रूस असतो, यहुदी माणसाचा सहा टोकांचा तारा, मुसलमानाची चंद्रकोर, शिखाचा खंडा, हिंदूचा ओम. देव न मानणाऱ्यांसाठीही खूण आहे. खूण नको असेल तर दगड कोराच राहतो.

दगडाच्या पुढच्या बाजूला शिपायाचे नाव, दल, हुद्दा, जन्मसाल, मृत्यूसाल. बायकोला त्याच जागेत ठेवले की तिचे नाव बहुधा दगडाच्या मागच्या बाजूला कोरतात. ओळीच्या एका बाजूने चालत गेले तर सगळी शिपायांची नावे वाचायला मिळतात. वळून दुसऱ्या बाजूने आले, की त्यांच्या बायकांची.