हंगाम नसलेले संघ

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांना ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, बहुतेक शनिवारी, मिळून १२ सामने हमखास खेळायला मिळतात. एक हरला तर पुढच्या शनिवारी चूक दुरुस्त करता येते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कबड्डी संघाला ही सोय नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, निवड चाचणी, शिबिर, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथल्या सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या, त्यामुळे एका पराभवात वर्ष संपू शकते. इथे उणीव गुणवत्तेची नाही, सामन्यांची आहे. कोपऱ्यातल्या खेळाडूने चढाईपटूचा घोटा धरायचा तो अचूक वेळ साधून. क्षणभर आधी झेपावला तर गुण गेला. रोजच्या सोबत्यांची लकब पाठ झालेली असते, त्यांच्याशी खेळून हा अंदाज पक्का होत नाही. त्यासाठी अनोळखी सात जणांसमोर पुन्हा पुन्हा उभे राहावे लागते. म्हणून या विद्यापीठाने महाविद्यालयांची स्वतःची साखळी स्पर्धा सुरू करावी.

पहिला आक्षेप अंतराचा, आणि तो खराच आहे. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पण याच मुलखात झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर होळीपर्यंत फिरते. वडशात नाटके ठरतात आणि नेपथ्य, वाद्ये, कलावंत यांना घेऊन कंपन्या मंडईची जत्रा किंवा शंकरपट (बैलांच्या शर्यती) असलेल्या गावी रात्र रंगवतात. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढा फिरता पसारा या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तर बारा खेळाडूंचा संघ शेजारच्या तालुक्यात जाऊन यायला काय हरकत आहे? वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी हा एक गट. राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर हा दुसरा. दक्षिणेकडच्या महाविद्यालयांनी अहेरीत दोन-तीन दिवस एकत्र मुक्काम करून आपले सामने उरकावेत.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा आणि घरच्या कामाचा. त्याचे उत्तर इथल्या शेतीत आणि जंगलात आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची कापणी-मळणी आणि सत्र परीक्षा. मार्चपासून मोहफुले, मेच्या सुमारास तेंदूपाने. मोकळे राहतात जानेवारी आणि फेब्रुवारी. तोवर विभागीय स्पर्धा बहुधा आटोपलेली असेल, हे मान्य. मात्र प्रथम वर्षाची मुले याच सामन्यांतून पुढच्या निवडीसाठी तयार होतील, आणि निवडही एका चाचणीऐवजी आठ-दहा सामने पाहून करता येईल. मुलींचे सामने सकाळी ठेवावेत, म्हणजे दिवस मावळायच्या आत त्या घरी पोहोचतील. पैशाचे म्हणाल तर अमेरिकेसारखी स्टेडियमे कोणी मागत नाही. आखलेले मैदान, पंच, एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण एवढाच खर्च आहे, आणि विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्कावर पहिला हक्क त्याचाच असायला हवा.