योगवर्गातले शिष्टाचार: पाटीवरच्या नियमांमागचं कारण



मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, "योगवर्गात भिंतीवर नियमांची पाटी असते. पण ते नियम का, हे कोणी सांगतच नाही." आज त्या 'का'बद्दल बोलू.

पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली. त्यात आसन तिसरं. त्याआधी येतात यम आणि नियम. यम म्हणजे साधारणपणे इतरांशी कसं वागावं, आणि नियम म्हणजे स्वतःला कशी शिस्त लावावी. मला वाटतं, पाटीवरचे नियम म्हणजे याच यम-नियमांचं रोजच्या वापरातलं रूप आहे.

अस्तेय घ्या. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. सहाचा वर्ग आणि आपण सहा दहाला आत शिरलो, तर डोळे मिटून बसलेल्या वीस जणांचं लक्ष आपण पळवलं. शिवाय सुरुवातीची आसनं पुढच्या आसनांसाठी अंग मोकळं करतात, ती आपली बुडाली. म्हणून उशीर झालाच तर चालू आसन संपेपर्यंत दाराशी थांबायचं आणि मग मागे जागा घ्यायची. फोन पूर्ण बंद. फरशीवर थरथरणारा फोनसुद्धा शेजारच्या तिघांना ऐकू जातो, बरं का.

दुसरं शौच, म्हणजे स्वच्छता. पाय धुवून यावं, कपडे स्वच्छ असावेत हे आपण जाणतोच. पण अत्तरही नको. प्राणायामात शेजारचा माणूस खोल श्वास घेतो, तेव्हा तो तुमचं अत्तरच आत घेत असतो. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. दुसऱ्याच्या मॅटवर पाय देऊ नये.

आता घोंगड्यांचं बघा. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था १९७५मध्ये सुरू झाली. ज्याला जे आसन जमत नाही त्यालाही ते आधार घेऊन करता यावं, म्हणून त्यांनी पट्टे, लाकडी विटा, लोड, खुर्च्या यांचा भरपूर वापर केला. आज अनेक वर्गांत ही साधनं असतात. वर्ग सुटला की आपण घोंगडी कशीतरी गुंडाळून कोपऱ्यात टाकतो. पण पुढच्या वर्गात त्याच घड्या खांद्यांखाली घेऊन कोणीतरी सर्वांगासन करणार असतं. चुरगळलेल्या घडीमुळे खांद्यांचा आधार वाकडा होतो आणि भार मानेवर येतो. घडीच्या कडा जुळवून ठेवणं ही त्या अनोळखी माणसाच्या मानेची काळजी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सत्य.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात साठीतल्या एक बाई येत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, "कोणाला रक्तदाब, पाठीचा, डोळ्यांचा त्रास?" त्या गप्प राहिल्या. दोन महिन्यांनी, सर्वांगासन शिकवलं त्या दिवशी, वर्ग सुटल्यावर त्या पायरीवर बसून डोळ्यांत थेंब घालताना दिसल्या. त्यांना काचबिंदू होता! डोकं खाली आणि पाय वर अशा स्थितीत डोळ्यातला दाब वाढतो, आणि काचबिंदूत तेच घातक. मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?" म्हणाल्या, "सगळ्यांसमोर काय सांगायचं? म्हातारी म्हणून बाजूला बसवाल, असं वाटलं."

सुदैवाने काही झालं नाही. पण चूक त्यांच्याइतकीच माझीही होती. मी चारचौघांत विचारलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारतो. हात लावून आसन सुधारायचं असेल तर आधी परवानगी घेतो. शिष्टाचार शिक्षकालाही असतात.

तुम्हीही दुखणं, गरोदरपण, झालेलं ऑपरेशन लपवू नका. एखादं आसन नाकारायला लाजू नका. आणि शेजाऱ्याचं आसन सुधारायला जाऊ नका, त्याच्या गुडघ्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसतो. ही झाली अहिंसा, स्वतःशी आणि त्याच्याशीही.

शेवटी शवासन. लवकर निघायचं असेल तर शिक्षकांना आधीच सांगून शवासन सुरू होण्यापूर्वी निघा. मध्येच मॅट गुंडाळल्याचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटतो.

तेव्हा उद्या वर्गात जाल, तेव्हा घोंगडीची घडी नीट करा. आणि शिक्षकांना जे सांगायचं राहिलंय, ते सांगून टाका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.