फोनवरील करार कोठें होतो?

व्यापार शब्दावर चालतो, ही जुन्या पेढीवाल्यांची समजूत खोटी नव्हती. पेठेंत समोरासमोर सौदा ठरे, आणि तो मोडणाऱ्यास पुन्हा त्या पेठेंत पत उरत नसे. परंतु घेणारा एका गांवीं आणि देणारा शेंकडों मैलांवर, असे दोघे फोनवर बोलूं लागले, तेव्हां एक नवाच प्रश्न उभा राहिला. दोन गांवांच्या मध्यें झालेला हा करार नेमका कोणत्या गांवचा?

प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. पण वाद झाल्यास कोणत्या कोर्टाची पायरी चढावयाची, हें पुष्कळदां त्यावरच ठरतें. उरण-पनवेलच्या पट्ट्यांतील चिरनेर गांवच्या एखाद्या दुकानदारानें नागपूरच्या व्यापाऱ्याकडे फोनवर माल मागितला, त्यानें होकार दिला, आणि माल आलाच नाहीं, असें समजा. दुकानदारानें दाद आपल्या नजीकच्या कोर्टांत मागावी, कीं दर तारखेस नागपूर गांठावें? दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या २० व्या कलमाप्रमाणें प्रतिवादी जेथें राहतो किंवा धंदा करतो तेथें दावा लावतां येतो. तसाच दाव्याचें कारण पूर्णतः वा अंशतः जेथें घडलें तेथेंही लावतां येतो. करार होणें हा त्या कारणाचाच एक अंश होय.

नेमका हाच प्रश्न वऱ्हाडांतील खामगांवच्या एका खटल्यांत उपस्थित झाला. अहमदाबादची गिरधारीलाल पुरुषोत्तमदास ही पेढी आणि खामगांवची केडिया जिनिंग फॅक्टरी व ऑइल मिल्स यांच्यांत २२ जुलै १९५९ रोजीं सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर तोंडी झाला. माल मिळाला नाहीं म्हणून अहमदाबादकरांनीं आपल्याच शहराच्या दिवाणी न्यायालयांत ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगांवकरांचें म्हणणें असें कीं, होकार आम्ही खामगांवीं उच्चारला. माल व पैसे यांची देवघेवही तेथेंच व्हावयाची होती. सबब अहमदाबादच्या कोर्टास अधिकार नाहीं.

आतां कायदा पाहूं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्या काळीं टपाल व तार हींच दूरच्या व्यवहाराचीं साधनें. संमतीचें पत्र टपालांत पडलें व धाडणाऱ्याच्या हातून सुटलें, कीं प्रस्ताव करणारा बांधला जातो, असा ४ थ्या कलमाचा आशय. हाच नियम फोनला लावला, तर करार खामगांवीं झाला असें म्हणावें लागेल. न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांनीं तसेंच मत दिलें; पण तें अल्पमत ठरलें. न्यायमूर्ति शहा व वांछू यांनीं १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानें निराळा निर्णय दिला. फोनवर बोलणारे एका अर्थीं समोरासमोरच असतात. म्हणून होकार जेथें ऐकूं येतो तेथें करार पुरा होतो. प्रस्ताव अहमदाबादहून, होकार ऐकला अहमदाबादेस. सबब करार अहमदाबादचा. इंग्लंडांतही १९५५ सालीं टेलिप्रिंटरवरील सौद्याच्या एका खटल्यांत असाच निर्णय झाला होता.

यांतील खरें मर्म मात्र पुढेंच आहे. सौद्यापासून सहा वर्षें लोटलीं, प्रकरण तीन न्यायालयांतून गेलें, आणि निकाल लागला तो केवळ कोणत्या कोर्टांत भांडावें याचा! पेंड कोणी बुडविली, भरपाई किती, हें ठरावयाचें राहिलेंच होतें. लहान व्यापाऱ्याचें भांडवल अशा वाटेंतच झिजून जातें.

यावर उपाय आहे, आणि तो महाग नाहीं. तोंडी करार कायद्यास मान्य आहे. पण तो शाबीत करणें कठीण. म्हणून फोन ठेवल्यावर त्याच दिवशीं माल, भाव, मुदत, पोंच व पैसे देण्याचें ठिकाण लिहून दुसऱ्या पक्षास पाठवावें आणि त्याचा लेखी रुकार घ्यावा. वाद कोणत्या गांवच्या कोर्टांत चालावा, हेंही त्यांतच लिहावें. अशी अट १९७१ सालीं गॅमन कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ग्राह्य धरली; काम वाराणसीचें असूनही कज्जा मुंबईस चालवावा असें ठरलें. मात्र ज्या कोर्टास मुळांत अधिकारच नाहीं, त्यास तो उभयतांच्या संमतीनेंही देतां येत नाहीं. ई-मेलनें व्यवहार करणाऱ्यांनीं हेंही जाणावें कीं, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणें, निराळें ठरलें नसल्यास, संदेश पाठविणाऱ्याच्या धंद्याच्या ठिकाणाहून निघाला व घेणाऱ्याच्या धंद्याच्या ठिकाणीं पोंचला असें मानतात. मग प्रत्यक्षांत तो प्रवासांत कां वाचलेला असेना.

शेवटीं मुदतीविषयीं. करारभंगाच्या भरपाईचा दावा सामान्यतः भंग झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. देणेंकरी फोनवर कितीही गोड बोलला, तरी त्या बोलण्यानें मुदत वाढत नाहीं. मुदतीच्या आंत लिहून व सही करून दिलेली देण्याची कबुली मात्र ती वाढविते. शब्दावर विश्वास अवश्य ठेवावा. पण तो शब्द कागदावर उतरलेला असला, म्हणजे त्या विश्वासासाठीं कोर्टाची वाट धरण्याची वेळ सहसा येत नाहीं.