इटलीची सनई जोडीने का वाजते?

सनईवादकाशेजारी बसून एकच सूर धरणारा साथीदार आपण पाहिलेला असतो. सनईच्याच कुळातले इटलीचे लोकवाद्य चारामेल्ला हेही जोडीने वाजते. त्याची जोडीदार झांपोन्या, म्हणजे पिशवीचे बॅगपाइपसारखे वाद्य. आब्रुत्सो व मोलीझेच्या डोंगरांतील मेंढपाळ नाताळाआधी ही जोडी वाजवत रोम व नेपल्समध्ये उतरत. पण जोडी कशासाठी?

प्रथम पत्ती पाहू. बोरूच्या दोन पातळ पत्त्या एकमेकींवर बांधलेल्या असतात. फुंकले की मधली फट मिटते आणि लवचीकपणामुळे पुन्हा उघडते. असे सेकंदाला शेकडो वेळा घडते व नळीत हवेचे झोत शिरतात. नेमके किती वेळा, हे मुख्यतः नळीतील हवेचा स्तंभ ठरवतो.

चारामेल्लाची पत्ती वादकाच्या तोंडाशी असते. त्यामुळे जिभेने स्वर तोडता येतो, फुंकीने चढवता-उतरवता येतो. मात्र वादक दमला की स्वर थांबतो. झांपोन्याच्या पत्त्या पिशवीच्या आत असतात. वादक पिशवी फुगवतो व हाताने दाबत राहतो. म्हणून सूर अखंड राहतो, पण जीभ पत्तीपर्यंत पोचत नाही. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

सूर जुळले नाहीत तर? एकाची कंपने सेकंदाला 440 आणि दुसऱ्याची 442 असतील, तर आवाज सेकंदाला दोनदा लहान-मोठा होतो. हेच विस्पंद. ते नाहीसे व्हावेत म्हणून झांपोन्याची भोके मेणाने थोडी बुजवून सूर जुळवतात.

उत्तर इटलीत, जेनोव्हा व पाव्हियाजवळच्या डोंगरांत, पिफ्फेरो आणि म्यूझा ही अशीच जोडी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्यूझा या पिशवीवाद्याची जागा अ‍ॅकॉर्डियनने घेतली. त्यावर अधिक स्वर मिळतात, साथ भरघोस होते. पण बोरूच्या पत्तीला बोरूच्याच पत्तीची मिळणारी साथ तुटली. पुढे काही कारागिरांनी म्यूझा पुन्हा घडवली, म्हणून ती आज ऐकायला मिळते.

हे वर्गात पडताळता येईल. शीतपेयाच्या दोन नळ्या घ्याव्यात. प्रत्येकीचे एक टोक चपटे करून त्याचे कोपरे तिरके कापावेत. एक नळी किंचित आखूड ठेवावी. दोन विद्यार्थ्यांनी कापलेले टोक ओठांत धरून नळ्या एकदम वाजवाव्यात. आवाजात थरथर जाणवते का? फुंकीचा जोर बदलला की ती कमी-जास्त होते का? एकमेकांचे ऐकत सूर जुळवणे किती कठीण असते, हे आम्ही सांगण्यापेक्षा विद्यार्थ्यांना त्यातूनच अधिक कळेल.