आर्किटेक्ट व्हायचे तर अकरावीला गणित सोडू नका

आपल्या वस्त्यांमधली चांगली चित्रे काढणारी अनेक मुले दहावीनंतर गणित सोडतात. पुढे आर्किटेक्ट व्हावेसे वाटले तर वाट तिथेच अडते, कारण पाच वर्षांच्या बी.आर्क.साठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतेच. हे अकरावीच्या अर्जाआधी घरोघरी सांगायला हवे, असे आम्हाला वाटते.

परीक्षा दोन आहेत. 'नाटा' कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेते. तिच्या २०० गुणांपैकी ८० गुण कागदावर काढायच्या चित्ररचनेला असतात. दुसरी जेईई मेन, पेपर २ए. एनआयटी आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसाठी हीच लागते. राज्याच्या सीईटी सेलच्या फेऱ्यांत दोन्हींपैकी कोणत्याही परीक्षेचे गुण चालतात.

चित्राच्या तयारीला महागडा क्लासच हवा असे नाही. विहाराचा जिना, चाळीची गॅलरी, पाण्याची टाकी रोज समोर बसून काढा. मोबाईलवरच्या फोटोवरून नको. लांब जाणाऱ्या रेषा नजरेच्या पातळीवर कशा मिळतात, उन्हाची सावली कुठे पडते, हे बघूनच कळते. महिनाभराने घड्याळ लावून काढा.

आमच्या मते खरी धावपळ कागदपत्रांचीच. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, पण केंद्राचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो. राज्याच्या फेरीत राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र मागतात आणि पडताळणीत महिने जाऊ शकतात. म्हणून बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. पोचपावती जपून ठेवा.