२५०० वे वर्ष कोणते, १९५६ की १९५७? जगातील सालगणना समजून घेऊ

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत देश, राजधानी, चलन, भाषा असे तक्ते असतात. 'चालू साल' हा रकाना मात्र कुठे दिसत नाही. साल तर सगळीकडे एकच असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसे नाही.

२०२५ हे एकच वर्ष घेऊ. नेपाळच्या सरकारी कारभारात विक्रम संवत चालतो. तिथे एप्रिल २०२५ मध्ये २०८२ साल लागले. इराणमध्ये वसंतसंपाताला, म्हणजे नवरोजला, नवे वर्ष सुरू होते. मार्च २०२५ मध्ये तिथे १४०४ उजाडले. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीनुसार वर्षे मोजतात. १ मे २०१९ रोजी रेइवा पर्व सुरू झाले, म्हणून २०२५ हे तिथे रेइवा ७. तैवान १९१२ हे वर्ष पहिले मानतो, त्यामुळे तिथल्या कागदांवर ११४ असते. इथिओपियात वर्षाचे महिने तेरा: तीस दिवसांचे बारा आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. आपल्यापेक्षा सात-आठ वर्षे मागे असलेल्या या देशाने २००० सालाचे स्वागत सप्टेंबर २००७ मध्ये केले.

आणि थायलंडमध्ये २०२५ म्हणजे २५६८. ही गणना तथागतांच्या महापरिनिर्वाणापासूनची आहे. म्हणून ती आपण जरा खोलात पाहू.

एक वर्षाचा फरक कुठून आला?

आपल्याकडे लग्नपत्रिकांवर आणि कार्यक्रमांच्या पत्रकांवर बुद्ध वर्ष छापण्याची पद्धत आहे. एकाच महिन्यातल्या दोन पत्रिकांवर एकीकडे २५६८ आणि दुसरीकडे २५६९ दिसले, की कुणाचे चुकले यावर वाद होतो. खरे तर दोन्ही आकड्यांना आधार आहे.

थायलंड आणि लाओस या देशांत इसवी सनात ५४३ मिळवतात. श्रीलंका आणि म्यानमारमध्ये वैशाख पौर्णिमेनंतर ५४४ मिळवले जातात. परंपरेने महापरिनिर्वाण इसवी सनापूर्वी ५४४ मध्ये झाले, यावर दोन्हीकडे एकमत आहे. वेगळी आहे ती मोजण्याची रीत.

घरातले उदाहरण घ्या. मुलाला 'पाचवे वर्ष लागले' असे आजी सांगते, तेव्हा त्याची चारच वर्षे पूर्ण झालेली असतात. वय तेच, एकजण चालू वर्ष सांगतो, दुसरा पूर्ण झालेली वर्षे सांगतो. श्रीलंका आणि म्यानमारने महापरिनिर्वाणानंतर सुरू झालेल्या वर्षालाच पहिले म्हटले. थायलंडने एक वर्ष पूर्ण झाल्यावर 'एक' म्हटले. इतकाच हा फरक.

एक महोत्सव, दोन वर्षे

या एका वर्षाचा परिणाम इतिहासात स्पष्ट दिसतो. रंगून येथे मे १९५४ मध्ये सुरू झालेल्या सहाव्या धम्मसंगीतीची सांगता २४ मे १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला झाली, कारण म्यानमारच्या गणनेत ते २५०० वे वर्ष होते. श्रीलंकेत आणि भारतातही २५०० वी बुद्धजयंती १९५६ मध्येच साजरी झाली. थायलंडने हाच महोत्सव १९५७ मध्ये केला. बँकॉकजवळचे 'फुत्थमोन्थोन' हे विस्तीर्ण बौद्ध उद्यान त्याच निमित्ताने उभारायला घेतले गेले.

आपल्यासाठी १९५६ चे मोल वेगळे आहे. त्याच बुद्धजयंतीला मुंबईच्या नरे पार्कवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती घेतली. त्या दिवशी कोलंबोत बुद्ध वर्ष २५०० चालू होते, बँकॉकमध्ये २४९९. नागपूरचा दिवस मात्र दोन्हीकडे तोच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ५४४ हा परंपरेचा आकडा आहे. आधुनिक इतिहासकार महापरिनिर्वाणाचा काळ त्याच्या बराच नंतरचा मानतात आणि त्यांच्यातही एकमत नाही. संवत ही समाजाने ठरवलेली सोय असते. तिच्यावरून इतिहासातील नेमकी तारीख सिद्ध होत नाही.

सरकारही साल बदलते

वर्षारंभ तरी पक्का असतो का? थायलंडमध्ये पूर्वी सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होई. १९४१ पासून ते १ जानेवारीवर आणले, तेव्हा बुद्ध वर्ष २४८३ अवघ्या नऊ महिन्यांत संपले. त्यामुळे जुन्या थाई नोंदीतील जानेवारी ते मार्चमधील तारखेतून नुसते ५४३ वजा केले, तर उत्तर एक वर्षाने चुकते. आपल्या देशानेही मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून शक गणनेवर आधारित राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. भारताच्या राजपत्रावर ती तारीख आजही छापली जाते.

मग आपण काय लिहावे?

आम्हाला वाटते, पत्रिकेवर बुद्ध वर्ष जरूर लिहावे, पण शेजारी इसवी सनही लिहावा. विहाराच्या कोनशिलेवर तर दोन्ही हवेतच. दगडावरचा आकडा शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला आपण कोणती गणना धरली होती हे विचारायला कुणी भेटणार नाही. एका गावात किंवा एका संस्थेत एकच पद्धत ठरवून घेतली तर गोंधळ टळेल. आणि शेजारच्या विहाराच्या पत्रकावर एक वर्ष कमी-जास्त दिसले, तर चूक काढण्याआधी ते चालू वर्ष मोजतात की पूर्ण झालेले, एवढे विचारून घ्यावे.