माझगावची गोगलगाय: इवल्याशा शंखाला नाव कसं मिळतं?

ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं अशांसाठी या भागाचं हे लेखी रूप. मी बोलतोय शिरड शहापूरहून. समुद्र इथून चारशेहून जास्त किलोमीटर लांब, तरी आजचा विषय समुद्री गोगलगाय. हसू नका, ती तुमच्या देवघरात बसलीय! पूजेचा शंख म्हणजे एका समुद्री गोगलगायीचं कवच. तिचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम.

पण आज मोठा शंख नको, बारीक घेऊ. 1890 च्या आसपास अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी नावाचे गृहस्थ मुंबईच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले गोळा करायचे. ते नमुने इंग्लंडात जेम्स कॉस्मो मेल्विल यांच्याकडे गेले. मेल्विल यांनी 1893 मध्ये त्यातल्या 25 नव्या जातींची वर्णनं छापली. 1896 मध्ये मुंबईच्या फक्त बारीक शंखांवर वेगळा लेख लिहिला. त्यांनीच नाव दिलेली एक जात आहे गिबेरुला मझगोनिका. मझगोनिका म्हणजे आपलं माझगाव! शंख जेमतेम काही मिलिमीटरचा.

वर्णन करायचं म्हणजे नक्की काय?

संग्रहालयात अशी कवचं छोट्या काचेच्या नळीत ठेवतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची. निमुळतं टोक वर आणि तोंड आपल्याकडे, असं धरायचं. मग उंची, रुंदी, वेटोळी किती, तोंड उजवीकडे की डावीकडे, मधल्या खांबावर घड्या आहेत का, हे सगळं नोंदवायचं. टोकाचं पहिलं वेटोळं नीट बघायचं, कारण ते गोगलगायीच्या पिल्लूपणातलं असतं. रंग मात्र जपून लिहायचा, जुन्या कवचाचा तो उडालेला असतो.

आता अडचण अशी की दोन वेगळ्या कुळांतली कवचं बाहेरून सारखी दिसू शकतात. खरा फरक आतल्या जिवात असतो. गोगलगायीच्या जिभेवर बारीक दातांची पट्टी असते, त्या दातांच्या रचनेवरून कूळ ठरवायला मोठी मदत होते. सुक्या कवचात जीवच नसतो, त्यामुळे जुन्या अभ्यासकांना बऱ्याचदा नुसत्या कवचावरून वर्गीकरण करावं लागलं.

नावापुढचा कंस

म्हणून वर्गीकरण बदलत राहतं. मेल्विल यांनी आपली गोगलगाय मार्जिनेला या प्रजातीत टाकली होती, आज ती गिबेरुलात आहे. अशा वेळी मूळ लेखकाचं नाव कंसात लिहितात. पूजेच्या शंखापुढेही (लिनियस, 1767) असंच दिसतं, कारण लिनियसने त्याला व्होल्युटात ठेवलं होतं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फाइल तीच, फक्त फोल्डर बदललं. कंस दिसला की समजायचं, फोल्डर बदललंय.

पण फाइल तीच आहे हे ठरवतं कोण? तर पहिलं वर्णन ज्या नमुन्यावरून लिहिलं, तो नमुना. त्याला टाइप म्हणतात. वाद झाला की शेवटी त्याच्याशीच ताडून बघायचं.

मग आपल्याला काय त्याचं?

मेल्विल यांचा मोठा संग्रह आज वेल्समध्ये, कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्याचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा पुरावा तिकडे. इकडे भराव आणि गोद्यांनी तो किनारा पार बदलून गेला. तेव्हा इथे काय जगत होतं, याची साक्ष त्या नळ्यांमध्ये आहे. आणि कवचंही अमर नाहीत. लाकडी कपाटातून निघणारी आम्लाची वाफ त्यांना हळूहळू खाते.

अचूक नावाची गरज आपल्या मराठवाड्यालाही आहे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. त्यात बदनाम झालेली शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेतली. पण बांधावर दिसणारी प्रत्येक गोगलगाय तीच नसते, आपल्या मातीतल्या निरुपद्रवी जातीही असतात. ओळख चुकली तर त्याही फुकट मरतात.

मुंबईला गेलात तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाल्यांच्या किनारा-फेरीला जरूर जा. फोनने काढलेला फोटो, जागा आणि तारीख, एवढ्यानेही चांगली नोंद होते. ते जमेपर्यंत घरातला शंख सांगितला तसा धरून बघा आणि तोंड कुठल्या बाजूला आलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!